लूप्स घेण्याआधी आमचं माप घ्या

प्रति,
नवी मुंबईतील दंत महाविद्यालयांचे प्राचार्य, कॉन्झर्व्हेटिव्ह विभागाचे प्रमुख आणि प्रीक्लिनिकल लॅबमध्ये शिकवणारे सर्व शिक्षक

आदरणीय सर, मॅडम,

सादर नमस्कार.

मी बीडीएसची इंटर्न. ठाण्यात राहते आणि हे पाचवं वर्ष ट्रान्स-हार्बरने ये-जा करण्यात चाललं आहे. नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे या एवढ्याशा पट्ट्यात पाच डेंटल कॉलेजं आहेत, त्यामुळे संध्याकाळच्या ठाणे गाडीत मांडीवर एप्रनची पिशवी घेतलेलं कुणी ना कुणी रोज भेटतंच. गेल्या महिन्यात अशीच एक सेकंड इयरची मुलगी शेजारी बसली होती. दात मोठे दिसावेत म्हणून चष्म्यासारखे लावायचे लूप्स तिला घ्यायचे होते. तिने विचारलं, "ताई, साडेतीन पटीचे लूप्स घेऊ का? स्टॉलवाले म्हणतात, आजच्या आज बुक केले तर दोन हजार कमी करू." मी तिला थांब म्हटलं. पण का थांब, हे घणसोली येईपर्यंत मला नीट सांगता आलं नाही, आणि ती उतरून गेली. तिला जे सांगायचं राहिलं ते आपल्यालाच सांगायला हवं, असं नंतर वाटत राहिलं. कारण तिच्या हातात ते नाही, आपल्या हातात आहे.

चुकीचे लूप्स मी स्वतः घेतले आहेत. सेकंड इयरलाच, विद्यार्थ्यांच्या एका कॉन्फरन्समध्ये. स्टॉलवर गर्दी होती. मला उभं करून माझ्या डोळ्यांसमोर एक पट्टी धरली, "हात असा पुढे धरा" म्हणाले, एका कागदावर दोन आकडे लिहिले आणि पाच मिनिटांत माप संपलं. फ्लिप-अप प्रकारचे, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळ्या वर उचलता येतात असे, वर 3.5 असं छापलेले, 9,000 रुपयांना. घरी फीचे हप्ते चालू होते, दात कापायचा एअरोटरचा हँडपीस नुकताच घेतला होता, तरी बाबांनी एका शब्दानेही विचारलं नाही. मुलीला नीट दिसायला हवं, एवढंच ते म्हणाले.

बाबांना त्यातलं कळतं. जांभळी नाक्याजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि तीस वर्षं त्यांच्या उजव्या डोळ्यात भिंग आहे. लहानपणी मी ते डोळ्यात अडकवून बघायचे. दहा पटीचं साधं भिंग घेतलं तर वस्तू त्याच्यापासून अडीच सेंटिमीटरवर आणावी लागते. घड्याळाच्या बाबतीत ते चालतं, घड्याळ उचलून नाकाशी आणता येतं. पेशंटचा जबडा नाकाशी आणता येत नाही. आम्हाला हातभर अंतरावरून, पाठ सरळ ठेवून, दोन्ही डोळ्यांनी एकच चित्र मोठं होऊन दिसायला हवं असतं. म्हणून डेंटल लूप्स हे साधं भिंग नसून दोन छोट्या दुर्बिणी असतात, आणि त्या दोन्ही नेमक्या एकाच बिंदूवर रोखलेल्या असाव्या लागतात. तो बिंदू कुठे असावा हे ज्याच्या त्याच्या अंगकाठीवर ठरतं.

त्या नऊ हजारांच्या लूप्सने माझं काय झालं ते सांगते. ते 42 सेंटिमीटरवर फोकस होत होते. माझी उंची पाच फूट एक इंच. फँटम हेडसमोर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यासमोर, मी नीट बसले तर माझ्या डोळ्यापासून टायफोडॉन्टच्या, म्हणजे त्यातल्या नकली जबड्याच्या, दातापर्यंतचं अंतर 36 सेंटिमीटर भरतं. हे सहा सेंटिमीटर मी रोज कुठून तरी आणत होते: कधी स्टूल उंच करून, कधी मागे रेलून, कधी हात लांब ताणून. त्यात नळ्या पुरेशा खाली कलत नव्हत्या, म्हणजे मान तर वाकवावी लागतच होती. पंधरा दिवसांत उजव्या खांद्याच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं. डोकं दुखायचं ते वेगळंच. दोन डोळ्यांना दोन वर्तुळं दिसायची आणि ती एकमेकांवर बसायचीच नाहीत, कडेला एक काळी चंद्रकोर कायम तरंगायची. सीनियर म्हणाले, सवय होईल. लूप्सची सवय व्हायला काही दिवस लागतात हे खरं आहे, पहिल्या दिवशी थोडं गरगरतंही. पण माप चुकलेल्या लूप्सची सवय होत नाही. शरीर त्या चुकीभोवती वाकडं होतं, एवढंच.

शेवटी बाबांनी एका रविवारी ते दुकानात नेले. स्टीलची पट्टी टेबलावर ठेवली, एक डोळा नळीतून आणि दुसरा उघडा ठेवून दोन्ही प्रतिमा एकमेकांवर आणल्या, आणि नळीतला एक सेंटिमीटर उघड्या डोळ्याच्या किती मिलिमीटरवर बसतो ते पाहिलं. पस्तीसवर बसायला हवा होता. पंचवीसच्या जरा पुढे बसला. मग आलेख कागद ठेवला, तर मधल्या रेषा सरळ आणि कडेच्या वाकलेल्या. पांढऱ्यावर छापलेल्या काळ्या अक्षरांना कडेला जांभळट झालर. बाबांनी काही न बोलता ते डबीत ठेवले. विक्रेत्याचा फोन तोपर्यंत लागेनासा झाला होता.

हे सगळं लिहिते ते कुणा एका विक्रेत्याची तक्रार म्हणून नाही. स्वस्त म्हणजे वाईटच, असंही मला म्हणायचं नाही. वर्गातल्या एका मित्राने जवळपास तेवढ्याच किमतीचे घेतले आणि ते त्याला छान चालले, कारण तो उंच आहे आणि 42 हे अंतर योगायोगाने त्याचंच निघालं. आम्ही विद्यार्थी ही खरेदी योगायोगावर सोडतो, हे माझं दुखणं आहे.

आता माझी मुख्य विनंती. सेकंड इयरला प्रीक्लिनिकल कॉन्झर्व्हेटिव्हचे, म्हणजे पेशंटआधी नकली दात कापून भरायला शिकण्याचे, तास असतात, फँटम हेड समोर असतं, स्टूल असतं, शिक्षक असतात. त्याच लॅबमध्ये, बसण्याची पद्धत शिकवून झाल्यावर, प्रत्येक विद्यार्थ्याचं माप घ्यावं आणि एका कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यावं. कामाचं अंतर, डाव्या आणि उजव्या बुबुळाचं नाकाच्या मध्यापासूनचं अंतर वेगवेगळं, चष्म्याचा नंबर, आणि तारीख. बाकी काही नको. हे कार्ड घेऊन मुलगा कुठल्याही स्टॉलवर गेला तरी त्याचा प्रश्न "कितीला देता?" एवढाच राहणार नाही. "माझं अंतर 36 आहे, तुमच्याकडे त्या अंतराचे आहेत का?" हे तो आधी विचारेल.

माप कसं घ्यायचं हे मी आपल्याला सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, पण स्टॉलवर ते कसं चुकतं हे पाहिल्यामुळे लिहिते. ते बसूनच घ्यायला हवं. तळवे जमिनीला टेकलेले, पाठीला आधार, दंड अंगालगत, कोपर साधारण काटकोनात, टायफोडॉन्ट कोपराच्या पातळीवर, हातात खरोखर मिरर आणि एक्सप्लोरर (दात चाचपायचं टोकदार हत्यार). आधी नजर खाली न्यायची, मग लागेल तेवढीच मान, वीस-पंचवीस अंशांच्या पुढे नाही. मग दुसऱ्याने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दातापर्यंत टेप लावायचा. हे वेगवेगळ्या दिवशी तीनदा करावं, कारण टेप दिसला की पहिल्या दिवशी सगळेच ताठ बसतात. बुबुळांचं अंतर गोखले रोडवरचा कुठलाही चष्मेवाला यंत्रावर दोन मिनिटांत मोजून देतो. कॉलेजला फार तर एक टेप आणि दोन दुपारी लागतील.

दुसरी विनंती वेळेबद्दल. फर्स्ट इयर संपता संपता मुलं लूप्स बुक करतात, तेव्हा त्यांनी दात भरण्यासाठीची कॅव्हिटी (खड्डा) कापलेलीच नसते. ज्याला अजून बसायची ढब नाही त्याचं कामाचं अंतर कुठून येणार? त्या दिवशी घेतलेलं माप त्याच्या अंदाजाचं असतं. सेकंड इयरची प्रीक्लिनिकल परीक्षा होईपर्यंत कुणी घेऊ नयेत, थर्ड इयरच्या क्लिनिकल पोस्टिंगच्या तोंडावर घ्यावेत, एवढं आपण वर्गात एकदा ठामपणे सांगितलंत तरी पुष्कळ पैसे वाचतील. आमच्यापेक्षा जास्त आमच्या आईवडिलांचे. आपलं ऐकतात हो मुलं. सीनियरचंही ऐकतात, स्टॉलवाल्याचंही ऐकतात, म्हणून तर आपण आधी बोलायला हवं.

पटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि आपल्यातले काही जण सहमत नसतील. बीडीएसच्या मुलाला अडीच पट पुरते. अडीचमध्ये साधारण सगळं तोंड नजरेत राहतं, पेशंटचा ओठ, जीभ, कापूस, सक्शन, आपल्या दुसऱ्या हाताचं बोट, सगळं. साडेतीनला जेमतेम एक क्वाड्रंट, म्हणजे तोंडाचा पाव भाग, दिसतो, फोकसची खोली कमी होते, पेशंटने मान हलवली की चित्र जातं, आणि उजेड जास्त लागतो. नवशिक्याचं अर्धं लक्ष दात शोधण्यात जातं. शिवाय अडीचपर्यंत साधी गॅलिलियन रचना पुरते, पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंग, नळी आखूड, वजन कमी. त्याच्या बरंच पुढे गेलं की केप्लरने 1611 साली मांडलेल्या दुर्बिणीच्या रचनेकडे जावं लागतं. त्यात प्रतिमा उलटी पडते, ती सुलटी करायला प्रिझम घालावे लागतात, आणि ते सगळं वजन नाकावर येतं. वरच्या पहिल्या मोलरमध्ये (दाढेत) एमबी टू हा सहज न सापडणारा कॅनाल शोधणाऱ्या एंडोच्या, म्हणजे रूट कॅनालच्या, पीजीला ते हवंच. क्लास टूचा, म्हणजे दोन दाढांमधल्या बाजूच्या कॅव्हिटीचा, मार्जिन (कड) बघायला शिकणाऱ्याला नको. तरीही मुलं साडेतीन मागतात, कारण आकडा मोठा आहे आणि शेजारच्याने घेतलेला आहे. त्यात सगळे विक्रेते पट एकाच पद्धतीने मोजत नाहीत, म्हणून एका स्टॉलचे साडेतीन आणि दुसऱ्याचे साडेतीन यांत फरक असू शकतो.

टीटीएल (थ्रू द लेन्स) घ्यावे की फ्लिप-अप, हा वाद कँटीनमध्ये तासन् तास चालतो. ज्याचा नंबर स्थिर आहे किंवा ज्याला चष्माच नाही, आणि ज्याला परवडतं, त्याने टीटीएल घ्यावेत. नळ्या काचेतच बसवलेल्या असल्यामुळे डोळ्याच्या जवळ येतात, दृष्टिक्षेत्र मोठं मिळतं, वजनही कमी. पण ते फक्त त्याचेच असतात, दुसऱ्याला देता येत नाहीत, विकताही धड येत नाहीत. आणि ज्याचा नंबर विशीत अजून वाढतोय त्याने ते घेतले तर दर वेळी पूर्ण जोडी बनवणाऱ्याकडे परत पाठवावी लागते, कारण नंबर नळीतही बसवावा लागतो. अशा मुलाने फ्लिप-अप घ्यावेत. त्यात नंबर साध्या काचेत असतो, तो घराजवळचा चष्मेवाला बदलून देतो. नाकावर जड वाटतात हे खरं, मागे पट्टा घट्ट बांधला की बरंच सुसह्य होतं. माझ्या वर्गात जवळपास निम्म्या मुलांना चष्मा आहे, आणि हा फरक त्यांना विकत घेईपर्यंत कुणी सांगितलेला नसतो.

पैशांचं बोलायला संकोच वाटतो, पण बोलते. झाइस, ओरास्कॉप्टिक, युनिव्हेट, एक्झामव्हिजन ही नावं आम्ही सगळे ऐकतो, आणि त्यांची काच पाहिली की डोळे निवतात हेही खरं. पण भाव लाखाच्या आसपास किंवा पुढे जातो, आणि ते बीडीएसच्या मुलाने कर्ज काढून घ्यावेत असं मला वाटत नाही. मी इंटर्नशिपच्या सुरुवातीला अडीच पटीचे, माझ्या मापाचे टीटीएल 24,000 रुपयांना बनवून घेतले. पहिले नऊ हजार धरले तर 33,000 झाले. हे नऊ हजार म्हणजे बाबांच्या दुकानातले किती सेल आणि किती पट्टे, हे मला माहीत आहे.

लाइट पहिल्या दिवशी घेऊच नये. अडीच पटीला खुर्चीचा दिवा चालतो. पुढे घेतला तर त्याला नारिंगी फिल्टर आहे ना ते बघावं, नाहीतर त्याच्या निळ्या उजेडाने कॉम्पोझिट (उजेडाने घट्ट होणारं भरायचं द्रव्य) दातात बसवेपर्यंतच घट्ट व्हायला लागतं.

एक गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते, आणि ती आपल्या भागाची आहे. खाडीकाठचा पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि नवी मुंबईत काचेला बुरशी लागते. फोटोग्राफरांना हे माहीत असतं, बाबांनाही. नळी हवाबंद नसेल तर आत दमट हवा शिरते, आणि एक दिवस भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ते बाहेरून पुसून जात नाहीत. माझ्या मैत्रिणीचे लूप्स असेच गेले, हॉस्टेलच्या कपाटात, सुट्टीत महिनाभर डबीत बंद राहून. विक्रेत्याला "नळी सीलबंद आहे का" हे विचारावं, घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या बदलत राहाव्यात.

तिसरी विनंती लॅबसाठी. डिपार्टमेंटने दोन-तीन फ्लिप-अप जोड्या वापरून बघण्यासाठी ठेवाव्यात, एक अडीचची, एक तीनच्या पुढची. फ्लिप-अप अशासाठी की बुबुळांचं अंतर प्रत्येकाला जुळवून घेता येतं. मुलाने त्या लावून एक क्लास टू कॅव्हिटी पूर्ण कापावी आणि मग ठरवावं. स्टॉलवर लोक स्वतःच्या तळहाताच्या रेषा बघतात आणि थक्क होतात. तळहात कुणालाही छान दिसतो. वरच्या सेव्हनची, म्हणजे दुसऱ्या मोठ्या दाढेची, डिस्टल (मागची) बाजू आरशातून दिसते का, हे पाहायला हवं.

आणि कॉलेजच्या आवारात विक्रेते येतात, तेव्हा त्यांच्याकडून किमतीआधी काही गोष्टी लेखी घ्याव्यात: कुठकुठल्या अंतराचे मिळतात, त्या अंतरावर दृष्टिक्षेत्र किती मिलिमीटर, फ्रेमसकट वजन, नळ्या किती अंशांनी खाली कलतात, माप चुकलं तर किती दिवसांत बदलून देणार, दुरुस्ती मुंबईत होते की बाहेरगावी जाते, नंबर बदलल्यावर काय आकारणार. एकट्या मुलाने विचारलं तर हसून टाळतात. कॉलेजच्या लेटरहेडवर विचारलं तर उत्तर मिळतं. शंभर मुलांच्या वतीने पाच कॉलेजांनी मिळून विचारलं, तर भावही उतरेल असं मला वाटतं.

एक भीतीही आहे, ती सांगते. हे पत्र वाचून कुणी लूप्स सक्तीचे करू नयेत. ज्याला परवडत नाहीत त्याच्या क्लिनिकल कामाच्या कोट्यावर, व्हायवामधल्या (तोंडी परीक्षेतल्या) गुणांवर त्याची सावली पडू नये. माझ्याकडे धड लूप्स नव्हते त्या दोन वर्षांत मी डोळ्याने आणि आरशाने काम शिकले, आणि मला शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येक मार्जिनवर एक्सप्लोरर फिरवून मला तो हाताने ओळखायला लावला. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. लूप्स त्याच्या जागी येत नाहीत, त्याच्यानंतर येतात.

आमच्यातल्या बहुतेकांना अजून तीस-पस्तीस वर्षं याच मानेने काम करायचं आहे. बाबांची मान आता उजवीकडे पूर्ण वळत नाही. घड्याळजींना बसायचं कसं हे कुणी शिकवलं नाही, ते दुकानात बसून शिकले. आम्हाला शिकवायला आपण आहात.

माझे ते जुने फ्लिप-अप मी टाकलेले नाहीत. पट छापल्यापेक्षा कमी आहे, कडा वाकतात, पण चुकीचे लूप्स कसे दिसतात हे मुलांना दाखवायला ते उत्तम आहेत. ज्या कॉलेजला लॅबमध्ये ठेवायचे असतील त्यांनी न्यावेत, मी आनंदाने देईन. पट्टी आणि आलेख कागदावर भिंग कसं तपासायचं ते दाखवायला बाबा स्वतः यायला तयार आहेत. त्यांचं दुकान सोमवारी बंद असतं, त्यामुळे सोमवारची दुपार ठरवावी, एवढीच त्यांची अडचण आहे.

आपली नम्र,
एक इंटर्न
ठाणे (पश्चिम)